धाकट्याच्या घड्याळानं

भारतीय पासपोर्टची कोरी पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि सुखोई विमानं बांधली गेली. पण गंगापूर रोडवरच्या किंवा सिडकोतल्या एखाद्या कुटुंबाला पोराबाळांसह सिंगापूरला जायचं असेल, तर बहुतेक वेळा आधी मुंबई गाठावी लागते. ओझरहून देशातल्या काही शहरांना विमानं जातात, वेळा जुळल्या तर दिल्ली किंवा बंगळूरमार्गे पुढे जाता येतं. तरी नाशिककरांचा परदेशप्रवास म्हणजे अजूनही मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याचा घाट, भिवंडीची गर्दी आणि मग विमानतळ. हे सगळ्यांना माहीत असतं. मात्र सहलीचा बेत ठरताना ते कुणी मोजत नाही. बेत ठरतो तो देशाच्या नावावरून, आणि तिथंच चुकतो, असं माझं म्हणणं आहे. घरात सहा-सात वर्षांखालचं मूल असेल आणि परदेशाची पहिलीच खेप असेल, तर मोजायला घ्यायचा तो त्या मुलाचा दिवस: ते किती वाजता झोपतं, किती तास बसू शकतं, काय खातं, कशानं कावतं. देश त्यातून आपोआप निघतो.

एक साधा हिशोब मांडून पाहू. मुंबईहून पूर्वेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. समजा, सिंगापूरचं विमान पहाटे दोनचं आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचं म्हणजे रात्री अकरा. नाशिकहून साडेचार-पाच तास हाताशी धरायचे, म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाला घर सोडायचं. विमानात साधारण साडेपाच तास. उतराल तेव्हा आपलं घड्याळ साडेसात दाखवेल आणि तिथलं दहा. इमिग्रेशन, सामान, टॅक्सी धरून बाराला हॉटेलच्या दारात. खोली मिळते दुपारी दोन-तीनला. तिकिटावर साडेपाच तास दिसणारा प्रवास उंबऱ्यापासून पलंगापर्यंत सतरा-अठरा तासांचा होतो, आणि त्यात मुलाची एक अख्खी रात्र बुडते. मोठ्या माणसाला ही रात्र पुढच्या दुपारी भरून काढता येते. चार वर्षांचं पोर ती तीन दिवस वसूल करतं.

अंतर कमी झालेलं नाही असं नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे घाटाची वळणं आणि पोरांना त्या वळणांत होणारी उलटी, दोन्ही टळतात. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला, म्हणून आता तिकिटावर 'मुंबई' दिसली तरी विमानतळ कोणता हे नीट वाचावं लागतं. परंतु आमण्यापासून पुढे शहरात शिरण्याचा वेळ कुठल्याही बोगद्यानं कमी केलेला नाही. त्यामुळे रात्रीच्या विमानासाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग मला जुनाच वाटतो: सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, ठाण्याला किंवा दादरला उतरायचं, विमानतळाजवळ एक खोली घेऊन मुलांना दुपारी गाढ झोपवायचं आणि रात्री ताजंतवानं निघायचं. एका खोलीचं भाडं वाढतं. त्या बदल्यात सहलीचा पहिला दिवस हाती लागतो, आणि परदेशातल्या एका दिवसाचा खर्च त्या भाड्याहून कितीतरी जास्त असतो.

दुसरा हिशोब घड्याळातल्या फरकाचा. कोलंबोत आपलीच वेळ असते. दुबई दीड तास मागे, बँकॉक दीड तास पुढे, सिंगापूर आणि क्वालालंपूर अडीच तास पुढे, टोकियो साडेतीन तास पुढे. लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. शरीर नव्या वेळेशी जुळायला ढोबळमानानं तासाला एक दिवस घेतं. आठ दिवसांच्या युरोप सहलीत मूल जेमतेम तिथल्या वेळेवर येतं आणि परत निघायची वेळ होते. मधले दिवस ते पहाटे तीनला टक्क जागं होऊन खेळायला मागतं आणि संध्याकाळी पाचला, नेमकी बोटीची फेरी सुरू होताना, खांद्यावर झोपतं. दीड-दोन तासांच्या फरकाचं मात्र काहीच करावं लागत नाही. दुबईत मूल थोडं लवकर उठतं, बँकॉकमध्ये थोडं उशिरा. तेवढंच.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो घरातली जाणती माणसंच घेतात: एवढ्या लहान पोरांना काय आठवणार आहे? मग एवढा खर्च कशाला? आक्षेप खरा आहे. मोठेपणी आपल्याला आठवणाऱ्या सर्वांत जुन्या गोष्टी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, त्याआधीचं पुसलं जातं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात पॅट्रिशिया बाउअर आणि मरिना लार्किना यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना तीन वर्षांच्या वयातले प्रसंग पुढे निरनिराळ्या वयात विचारले गेले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते; आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहूनही कमी. म्हणजे तिसऱ्या वर्षी पाहिलेला आयफेल टॉवर दुसरीतल्या मुलाला कदाचित आठवेल आणि चौथीत जाईपर्यंत बहुधा विसरलेला असेल.

पण हा पुरावा नेमकं काय सांगतो? 'जाऊ नका' हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ मला अधिक पटतो. मुलाला स्थळं आठवणार नसतील, तर मुलासाठी म्हणून स्थळांची यादी लांबवण्यात काही हशील नाही. आठवणीचा धनी पालकच असणार आहे, आणि पालकाच्या आठवणीत काय राहील हे त्या दिवशी मूल हसत होतं की रडत होतं यावर ठरतं. आठवत नाही म्हणून घडलंच नाही, असंही नसतं. मुलाला आठवत नसलेल्या कितीतरी गोष्टी आपण त्याच्यासाठी रोज करतो आणि त्यांचा हिशोब कुणी मागत नाही. तेव्हा 'आठवणार नाही' या आक्षेपानं सहल रद्द होत नसली, तरी पाच शहरांची सहल रद्द व्हायला तो पुरेसा आहे. उरते ती एका शहराची, एका मुक्कामाची, सहा-सात दिवसांची सहल, जिच्यात रोज एकच गोष्ट ठरवलेली असते.

परदेश म्हटल्यावर पाच शहरं डोळ्यांपुढे का येतात, हेही तपासण्यासारखं आहे. मराठी वाचकाच्या मनात परदेश भरला तो प्रवासवर्णनांनी. पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' १९६० मध्ये आणि 'पूर्वरंग' १९६३ मध्ये आलं. पुढे मीना प्रभूंनी देशामागून देश वाचकांपुढे ठेवले. हे सगळे प्रवास मोठ्या माणसांचे. त्यांत दूध तापवायला कुणी थांबत नाही. लहान मुलाला घेऊन समुद्र ओलांडणारी मराठी माणसं तेव्हाही होती. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती. पण तो शिक्षणासाठीचा, कष्टाचा प्रवास होता आणि सहलीचा नमुना म्हणून त्याकडे कुणी पाहिलं नाही. नमुना घडवला तो नंतरच्या पर्यटन कंपन्यांनी. नाशिकच्या चौधरी यात्रा कंपनीनं आणि तिच्यासारख्या इतरांनी स्वयंपाकी बरोबर घेऊन तीर्थयात्रा घडवल्या. केसरीनं १९८४ पासून आणि वीणा वर्ल्डनं २०१३ पासून मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि ठरल्या वेळी जेवण देत मध्यमवर्गाला जग दाखवलं. याचं मोल कमी नाही. इंग्रजी बोलायला बिचकणारी हजारो माणसं या आधारावर स्वित्झर्लंडच्या बर्फापर्यंत पोहोचली.

म्हणूनच दुसरा आक्षेप वजनदार आहे. पहिल्याच वेळी सगळं स्वतः जुळवण्याची हौस कशाला? कंपनीला पैसे दिले की व्हिसा, हॉटेल, वरणभात सगळं आयतं. आजी-आजोबा बरोबर असतील, किंवा मुलं आठ-दहा वर्षांची असतील, तर मीही ग्रुप टूरच सुचवीन. मात्र ग्रुप टूरचा दिवस 'सहा-सात-आठ' असा चालतो: सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. पस्तीस-चाळीस माणसांची बस एका पोराच्या शी-शूसाठी वारंवार थांबू शकत नाही, आणि थांबली तर त्या आईबापांना उरलेल्या अडतीस नजरा सोसाव्या लागतात. रोज हॉटेल बदलणं हा तर लहान मुलांसाठी सर्वांत जाचक भाग. कालची खोली आपली वाटू लागते न लागते तोच बॅगा दाराबाहेर. मधला रस्ता आहे. तिकीट, व्हिसा आणि एकच हॉटेल एजंटकडून करून घ्यायचं आणि दिवस आपल्या हाती ठेवायचे. नाशिकमधले बहुतेक एजंट हे करून देतात. त्यांना मागून मात्र घ्यावं लागतं, कारण पुढ्यात येतं ते छापील पॅकेज.

कधी जायचं, हा प्रश्न नाशिकमध्ये जरा जास्तच गुंतागुंतीचा आहे. शाळेच्या सुट्ट्या दोन: दिवाळीची आणि मे ते जूनच्या मध्यापर्यंतची. नोकरदारांचं त्यात कसंबसं जमतं. पण निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्ष बागायतदाराचं काय? गोड्या बहाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, आणि दिवाळीच्या सुट्टीत बाग नेमकी फुटीवर किंवा फुलोऱ्यावर असते. एका पावसात डाउनी रोग आला तर वर्ष गेलं. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी, मग खरड छाटणी. मेचा उत्तरार्ध हीच काय ती उसंत. बागायतदार परदेश पाहत नाही असं मुळीच नाही. कृषी खात्याच्या अभ्यासदौऱ्यांतून अनेक जण इस्रायल-युरोप पाहून आले आहेत. पण त्या दौऱ्यात तो एकटा जातो, बायकापोरं मागे राहतात. कुटुंबाची म्हणून सहल ठरवायची तर ती छाटणीच्या तारखांभोवती बेतावी लागते.

मेमध्ये कुठे जायचं, हे पाऊस ठरवतो. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, फुकेतच्या बाजूला, मे ते ऑक्टोबर पावसाळा; समुद्र खवळलेला आणि किनाऱ्यावर लाल बावटे. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरही मेमध्ये मान्सून पोहोचतो, पण पूर्वेकडचा किनारा त्या वेळी कोरडा असतो. दुबईत मे-जून म्हणजे चाळिशीपार पारा. दिवसभर मॉलमध्येच बसायचं असेल तर नाशिकचे मॉल काय वाईट? बालीत उलट मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. सिंगापुरात वर्षभर ऊन आणि दुपारची सर ठरलेली, म्हणून तिथं मेही चालतो. दिवाळीच्या सुट्टीत चित्र पालटतं: नोव्हेंबरात दुबई सुखाची, भूतानचं आकाश निरभ्र, आणि व्हिएतनामचा मधला किनारा मात्र पुराच्या छायेत. दिवाळीत तिकिटं महाग असतात ती वेगळीच. पुढच्या वर्षी, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांत शहराबाहेर पडणंच एक मोहीम असेल, तेव्हा जोडून सुट्ट्या पाहून कुणी बेत आखत असेल तर त्यानं स्नानाच्या तारखा आधी पाहाव्यात.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी बेत मोडतो तो इथंच. नाशिकमध्ये पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे मुलाच्या पासपोर्टसाठी मुंबईला जावं लागत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरावं वर्ष, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत चालतो. नेहमीचं शुल्क १,००० रुपये, आणि आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या अर्जाला त्यात दहा टक्के सूट. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरून काढून न्यावा लागतो. आईबाप दोघांच्या संमतीचं जोडपत्र 'ड' लागतं, आणि एकाच पालकाची सही मिळण्यासारखी असेल तर 'क'. खरी अडचण जन्मदाखल्याची. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, आणि आपल्याकडे बाळाचं नाव बाराव्या दिवशी किंवा सवडीनं ठेवतात, पण दाखला इस्पितळातून गेलेल्या माहितीवर निघतो. परिणामी असंख्य दाखल्यांवर नावाची जागा कोरी राहते. ती भरून घ्यायला महापालिकेत खेटे पडतात. शिवाय बहुतेक देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक मागतात. आईबापांचे पासपोर्ट कपाटात पडून असतात आणि त्यांची मुदत तिकीट काढताना कळते. म्हणून मेच्या सहलीची कागदपत्रं नोव्हेंबरात हातात घ्यावीत. यात घाबरटपणा नाही.

व्हिसाची गोष्ट दर वर्षी बदलते. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश द्यायला सुरुवात केली, पण अशा सवलतींच्या अटी आणि मुदती सरकारं बदलत असतात, आणि प्रवेशाआधीचा डिजिटल फॉर्म तान्ह्या बाळाचाही भरावा लागतो. मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावं. युरोपच्या शेंगेन व्हिसाला मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहाखालच्यांना माफी आहे. पण बँकेचे उतारे, विमा, अपॉइंटमेंट आणि मुंबईची फेरी यांत माफी नाही. बालीला उतरल्यावर मिळणारा व्हिसा माणशी ५ लाख रुपियांचा, मूल असो की म्हातारा. चौघांचे २० लाख. आकडा ऐकून छाती दडपते, रुपयांत तो दहा-अकरा हजारांच्या घरात जातो.

पैशांबाबत तिसरा आक्षेप असतो, आणि तो वरवर अगदी तर्कशुद्ध आहे: विमानाचं भाडं एकदाच भरायचं, मग त्याच भाड्यात दोन-तीन देश का करू नयेत? सिंगापूर-मलेशिया-थायलंड एका दमात? हिशोब तसा लागत नाही. प्रत्येक नवा देश म्हणजे आणखी एक विमान किंवा सहा तासांची बस, आणखी एक इमिग्रेशनची रांग, आणखी एकदा बॅगा भरणं, आणि दर वेळी निम्मा दिवस. तीन देशांच्या आठ दिवसांत एक अख्खा दिवस असा वाहून जातो. दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात स्वतंत्र जागा घ्यावी लागते, त्यामुळे प्रत्येक जादा उड्डाणाचा खर्च चौघांच्या पटीत वाढतो. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, थोडक्या भाड्यात जातं. पण जाताना तेवीस महिन्यांचं मूल परतीला दोन वर्षांचं झालेलं असेल, तर परतीचं त्याचं तिकीट वेगळं. जागा शेजारी मिळण्याची धास्ती आता कमी झाली आहे. एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईबापांपैकी किमान एकाच्या शेजारी बसवावं, असं नागरी विमान महासंचालनालयानं २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावलं. पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर, आकारला जातो. १ एप्रिल २०२५ पासून तो दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता, २०२६ च्या अर्थसंकल्पानं सरसकट २ टक्क्यांवर आणला. हा खर्च म्हणून धरायचा नाही, विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. फक्त तो पॅन कुणाचा दिला आहे ते लक्षात ठेवावं.

एका शहरात सहा दिवस मुलं कंटाळणार नाहीत का? सिंगापूरचंच उदाहरण घेऊ. मंडाईचं प्राणिसंग्रहालय १९७३ पासूनचं. पिंजऱ्यांऐवजी खंदक आणि झाडी, आणि एका कोपऱ्यात पाण्यात भिजण्याची जागा. ज्याला तीन तासांत 'करून' बाहेर पडायची घाई आहे त्याला ती जागा दिसतही नाही, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी तीच सहलीची राजधानी असते. गार्डन्स बाय द बेमधल्या मुलांच्या बागेत असेच कारंज्यांचे फवारे आहेत आणि प्रवेश फुकट. नव्वद सेंटिमीटरखालचं मूल मोठ्यांबरोबर मेट्रोत आणि बसमध्ये फुकट फिरतं, बाबागाडी थेट डब्यात जाते. मोटारीचा नियम मात्र कडक आहे: १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मुलांसाठीची आसनपट्टी किंवा खुर्ची हवी. रस्त्यावरच्या टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरून मागवलेल्या खासगी गाडीला नाही. कॉलेज रोडवर पोराला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन जाणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. सकाळी एक ठिकाण, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी हॉटेलजवळचं मैदान किंवा पोहण्याचा तलाव, हा दिवस कुणाला फुकट घालवल्यासारखा वाटेल. त्यात काही चुकत नाही, एवढंच त्याचं मोठेपण.

खाण्याची चिंता आपल्याकडे जरा जास्तच केली जाते, पण ती अस्थानी नाही. तीन वर्षांचं मूल जागेला सरावतं, चवीला सहज सरावत नाही. सिंगापूरच्या सेरंगून रोडवर कोमल विलास १९४७ पासून इडली-डोसा देत आहे. बँकॉक-दुबईतही डाळभात मिळतो. हॉटेल निवडताना दहाव्या मजल्यावरून काय दिसतं यापेक्षा खोलीत किटली आणि छोटा फ्रीज आहे का, आणि चालत पाच मिनिटांवर ओळखीचं जेवण आहे का, हे पाहावं. मेतकूट, भाजणी, नाशिकचा चिवडा बॅगेत हवाच. पण दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी फराळाचा डबा भरताना अनारसे घरी ठेवावेत: त्यांच्यावरची खसखस संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या दोन्ही देशांत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातली. घरच्या गरम मसाल्यात खसखस पडत असेल तर तोही नको. खोकल्याच्या औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं औषध अमिरातीत परवानगीशिवाय चालत नाही. मुलांच्या डॉक्टरांकडून औषधांची यादी आणि डोस लेटरहेडवर लिहून घेतलेला बरा.

एक आक्षेप अजून उरतो, आणि त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. आधी आपला देश दाखवा, मग परका. ज्या मुलानं तारकर्लीचा समुद्र पाहिला नाही त्याला सेंटोसाचा कृत्रिम किनारा कशाला? याला भूगोलाचं उत्तर नाही. ही ज्याच्या त्याच्या आवडीची आणि ऐपतीची गोष्ट आहे. मात्र व्यवहारात दोन्हींचं भांडण नाही. परदेशाआधी कोकणात चार रात्रींचा एकाच जागचा मुक्काम करून पाहिला, तर मूल परक्या पलंगावर झोपतं का, उकाड्यात किती चालतं, आईबापांपैकी कुणाचा पारा आधी चढतो, हे सगळं स्वस्तात कळतं. या रंगीत तालमीनंतर काही कुटुंबं परदेशाचा बेत दोन वर्षं पुढे ढकलतील, आणि त्यात काहीच वावगं नाही. मधला पर्याय म्हणून नेपाळ-भूतान आहेतच. तिथं भारतीयांना व्हिसा लागत नाही, चलनाची धास्ती कमी आणि हिंदीवर निभावतं.

एवढं सगळं ठरल्यावर तिकीट काढताना बहुतेक जण जाण्याची तारीख आधी धरतात आणि परतीचं विमान मिळेल ते घेतात. मी उलट सुचवीन. पूर्वेकडून येणारी संध्याकाळची विमानं मुंबईत रात्री दहा-अकराला उतरतात. सामान हाती येईपर्यंत बारा, आणि मग सहा दिवसांचा शीण घेऊन नाशिकचा रस्ता. पोरं मागे झोपलेली, चालकाच्या डोळ्यांवर झापड, आणि शहापूरच्या पुढे ट्रकांची रांग. गाडी स्वतः चालवत आणायची असेल तर हे विमान घेऊच नये. सकाळी निघून दुपारी उतरणारं शोधावं, चार पैसे जास्त गेले तरी. ते न मिळालं तर रात्र मुंबईतच काढावी आणि सकाळी निवांत निघावं. शाळा उघडण्याआधी मध्ये दोन दिवस मोकळे राहतील, असं पाहूनच ही तारीख पक्की करावी, आणि मग तिच्यावरून मागे मोजत जाण्याची.